‘इतर खर्च’ नावाचं प्रकरण

कंपनीचा वार्षिक अहवाल हा लेखनप्रकार आहे असं आपल्याकडे कुणी मानत नाही. कादंबरीवर परीक्षणं येतात, सिनेमावर येतात, वेब सिरीजवर तर ढिगानं येतात. पण दरवर्षी हजारो कंपन्या दोनशे-तीनशे पानांचा एकेक मजकूर छापतात, त्यात स्वतःची गोष्ट सांगतात, नायक ठरवतात, खलनायक ठरवतात (बहुधा महागाई, स्पर्धा किंवा पाऊस), आणि त्या मजकुरावर विश्वास ठेवून लोक आपले पैसे लावतात. एवढा परिणाम करणारा मजकूर समीक्षेतून सुटतोच कसा?

सुटतो, कारण तो कुणी वाचत नाही. डिमॅट खातं मोबाइलवर पाच मिनिटांत उघडतं. शेअर घ्यायला दोन वेळा अंगठा टेकवला की झालं. अहवाल मात्र पीडीएफमध्ये असतो आणि फोनच्या स्क्रीनवर तो मुंगीच्या अक्षरांत दिसतो. मग तीस सेकंदांच्या रीलवर भागतं: ‘विक्री इतकी वाढली, नफा इतका वाढला, कर्ज नाही, झकास कंपनी.’ या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही कंपनीचं मूळ दुखणं किंवा मूळ बळ त्यांच्यात दिसत नाही, असं होऊ शकतं. ते दिसतं खर्चाच्या पानांवर. तेही एका वर्षाच्या नव्हे, ओळीनं आठ-दहा वर्षांच्या.

या लेखात अशाच एका मजकुराचं वाचन करायचं आहे. मजकूर ठाण्याचा आहे. अव्हेन्यू सुपरमार्ट्स लिमिटेड, म्हणजे तुमचं-आमचं डीमार्ट. पहिलं दुकान पवईला २००२ मध्ये निघालं, पण कंपनीचं कॉर्पोरेट ऑफिस माजिवड्यापासून फार लांब नाही, वागळे इस्टेटमध्ये आहे. (हा शेअर घ्या किंवा विका असं सांगण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तो हिशेब ज्याचा त्यानं करावा.)

जमीन एकदाच विकता येते

माजिवड्याला राहणाऱ्या माणसाला खर्चाचं महत्त्व पटवायला सोपं जातं, कारण आजूबाजूला उलट उदाहरणं उभी आहेत, तीही तीस-चाळीस मजल्यांची. पोखरण रोडला रेमंडची गिरणी होती, ग्लॅक्सोचा कारखाना होता. कोलशेतला क्लॅरियंट आणि बायर होत्या. आज त्या जमिनींवर टॉवर आहेत. ग्लॅक्सोची साधारण ६० एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीनं ५५५ कोटी रुपयांना घेतली. अशी जमीन विकली जाते त्या वर्षी कंपनीच्या नफ्याचा आकडा एकदम उडी मारतो. अहवालात ही रक्कम ‘अपवादात्मक बाब’ म्हणून वेगळी दाखवलेली असते, पण बातमीच्या मथळ्यात आणि रीलमध्ये ‘नफा अमुक पट’ एवढंच येतं.

जमीन एकदाच विकता येते. पगार दर महिन्याला द्यावा लागतो, वीजबिल दर महिन्याला येतं, छप्पर दर पावसाळ्यात गळतं. म्हणून कंपनी खरी कशी चालते हे कळायला, एकदाच येणारं उत्पन्न बाजूला ठेवून, पुन्हापुन्हा होणारा खर्च पाहावा लागतो. स्थळ पाहायला गेलेली माणसं हॉलमधला नवा सोफा पाहून न्याय देत नाहीत. एखादी मावशी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावून येते. खर्चाच्या टिपा हे कंपनीचं स्वयंपाकघर आहे.

शंभर रुपयांचं काय होतं

डीमार्टचा धंदा समजायला शंभराची एक नोट पुरते. तुम्ही काउंटरवर शंभर रुपये दिलेत, तर त्यातले साधारण पंच्याऐंशी रुपये तो माल विकत घेण्यात गेलेले असतात. उरतात पंधरा. हा ढोबळ नफा. या पंधरातून दुकान चालवायचं: माणसं, वीज, वाहतूक, सुरक्षा, दुरुस्ती, पिशव्या, कार्डवरच्या पेमेंटचं शुल्क. यात सात रुपयांच्या आसपास जातात. हा ऑपरेटिंग खर्च. उरलेले आठेक रुपये हा ऑपरेटिंग नफा. त्यातून घसारा, व्याज आणि कर वजा जाऊन भागधारकासाठी पाचेक रुपये राहतात.

या हिशेबातला सातचा आकडा जपणं हीच डीमार्टची कला मानली जाते. जाहिरात जवळजवळ नाही, दुकानात सजावट नाही, मॉलमध्ये महागडी जागा घेण्यापेक्षा स्वतःची इमारत बांधायची किंवा दीर्घ मुदतीनं जागा घ्यायची, पुरवठादाराला काही दिवसांत पैसे चुकते करून स्वस्तात माल घ्यायचा. खर्च कमी म्हणून किंमत कमी, किंमत कमी म्हणून गर्दी, गर्दी म्हणून माल लवकर संपतो, आणि माल लवकर संपतो म्हणून खर्च पुन्हा कमी. हे चाक फिरत राहिलं की झालं.

प्रश्न हा, की चाक अजून तसंच फिरतं आहे का?

नऊ वर्षांच्या नऊ ओळी

मार्च २०१७ मध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विक्रीला आला आणि बाजारात नोंदला गेला तो जवळजवळ दुप्पट किमतीला. तेव्हापासूनच्या अहवालांतून फक्त तीन आकडे काढू: वर्षाअखेरची दुकानं, त्या वर्षीची विक्री आणि विक्रीच्या प्रमाणात ऑपरेटिंग नफा. आकडे एकट्या मूळ कंपनीचे, उपकंपन्या सोडून.

२०१६-१७: १३१ दुकानं, ११,८८१ कोटी, ८.३ टक्के
२०१७-१८: १५५ दुकानं, १५,००९ कोटी, ८.९ टक्के
२०१८-१९: १७६ दुकानं, १९,९१६ कोटी, ८.२ टक्के
२०१९-२०: २१४ दुकानं, २४,६७५ कोटी, ८.६ टक्के
२०२०-२१: २३४ दुकानं, २३,७८७ कोटी, ७.३ टक्के
२०२१-२२: २८४ दुकानं, ३०,३५३ कोटी, ८.२ टक्के
२०२२-२३: ३२४ दुकानं, ४१,८३३ कोटी, ८.७ टक्के
२०२३-२४: ३६५ दुकानं, ४९,५३३ कोटी, ८.३ टक्के
२०२४-२५: ४१५ दुकानं, ५७,७९० कोटी, ७.९ टक्के

मधलं ७.३ टक्क्यांचं वर्ष कोविडचं. ते सोडून द्या. बाकी ओळी वाचल्या की दोन गोष्टी दिसतात. आठ वर्षांत विक्री जवळजवळ पाच पट झाली. आणि एवढं मोठं होऊनही शंभर रुपयांमागे उरणारा ऑपरेटिंग नफा वाढला नाही, उलट थोडा घटला.

इथे थांबायला हवं. मोठं झालं की खर्च विभागला जातो आणि प्रमाण सुधारतं, हे आपण पाठ करून बसलेलो असतो. किराणा दुकानदारीत ते आपोआप होत नाही. एक दुकान चालवायला जेवढी माणसं आणि जेवढी वीज लागते, तेवढीच पुढच्या दुकानालाही लागते. मुख्य कार्यालयाचा खर्च विभागला जातो खरा, पण तो मुळातच लहान आहे. खरी विभागणी होते ती एकाच दुकानातून जास्त माल गेला तर.

आणि तिथेच मेख आहे. २०१७ मध्ये कंपनीकडे विक्रीसाठी सुमारे ४१ लाख चौरस फूट जागा होती. २०२५ मध्ये ती सुमारे १ कोटी ७० लाख चौरस फुटांवर गेली, म्हणजे चौपटीहून थोडी जास्त. दुकानं सव्वातीन पट झाली, जागा चौपट झाली. नवी दुकानं मोठी आहेत. विक्री पाच पटीच्या जवळ. भागाकार केला तर प्रत्येक चौरस फुटामागची विक्री आठ वर्षांत पंधरा-सोळा टक्क्यांनी वाढली, एवढंच. याच काळात तांदूळ, तेल, साबण या सगळ्यांच्या किमती त्याहून कितीतरी जास्त वाढल्या. म्हणजे एका फरशीवरून जाणारा माल खरं तर वाढलेला नाही, पण त्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा पगार आणि डोक्यावरच्या दिव्याचं बिल वाढलं आहे.

हे वाक्य कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही. ते दोन वेगवेगळ्या पानांवरचे आकडे शेजारी ठेवल्यावर तयार होतं. समीक्षेचं काम तेच असतं.

मग नफा सहा पट कसा झाला?

आता रीलवाल्याचं वाक्य घ्या: ‘आयपीओपासून नफा सहा पट.’ ते खरं आहे. २०१६-१७ मध्ये मूळ कंपनीचा निव्वळ नफा ४८३ कोटी होता, २०२४-२५ मध्ये २,९२७ कोटी. विक्री पाच पट नाही आणि नफा सहा पट. म्हणजे शंभर रुपयांमागे उरणारा निव्वळ नफा चारवरून पाचवर गेला. कंपनी जास्त काटकसरी झाली, असा अर्थ कुणीही काढेल.

पण ऑपरेटिंग नफ्याचं प्रमाण तर घटलेलं आहे. मग वरचा एक रुपया आला कुठून?

दोन ठिकाणांहून. आयपीओच्या पैशांतून कर्ज फेडलं गेलं आणि व्याजाचा भार उतरला. दुसरं, २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारनं कंपन्यांचा आयकर कमी केला. सवलती सोडून देणाऱ्या कंपनीला अधिभार धरून सुमारे ३५ टक्क्यांऐवजी सुमारे २५ टक्के कर लागू झाला. म्हणजे नफ्याच्या प्रमाणातली वाढ बिलिंग काउंटरवर घडली नाही. ती बँकेच्या आणि आयकराच्या रकान्यात घडली. यात कंपनीचा दोष काहीच नाही. पण कर्ज एकदाच फेडता येतं आणि कर दर वर्षी दहा टक्क्यांनी कमी होत नाही. हीसुद्धा एका अर्थी जमीन विकण्यासारखीच गोष्ट: लाभ टिकतो, पण त्याची पुनरावृत्ती होत नाही. पुढच्या आठ वर्षांत नफा वाढायचा तर तो दुकानातूनच वाढायला हवा.

म्हणूनच मी म्हणतो की निव्वळ नफा हे पुस्तकाचं मलपृष्ठ आहे. त्यावरून गोष्ट कळल्यासारखी वाटते.

एका ओळीतून दुसऱ्या ओळीत

खर्च अनेक वर्षं वाचताना सर्वांत मोठा धोका एकच: खर्च कमी झालेला नसतो, फक्त घर बदललेला असतो. डीमार्टच्या टिपांमध्ये असे तीन स्थलांतरित खर्च सापडतात.

पहिला, भाडं. १ एप्रिल २०१९ पासून लेखाशास्त्राचा नवा नियम आला, इंड एएस ११६. त्याआधी दुकानाचं भाडं हा साधा खर्च होता. नव्या नियमानुसार दीर्घ मुदतीचं भाडं बहुतांशी घसारा आणि व्याज या ओळींत जातं. परिणाम असा, की ऑपरेटिंग खर्च कमी दिसतो आणि ऑपरेटिंग नफा फुगतो, जरी मालकाला जाणारा चेक तेवढाच असला तरी. डीमार्टची बरीच दुकानं स्वतःच्या मालकीची असल्यामुळे तिथे ही फुगवट मोठी नाही. तरीही २०१९ च्या आधीचं आणि नंतरचं प्रमाण एकाच फूटपट्टीनं मोजता येत नाही, आणि नवी फूटपट्टी थोडी उदार आहे हे लक्षात ठेवायला हवं. ८.९ ते ७.९ ही घट म्हणून थोडी जास्तच गंभीर ठरते.

मालकीच्या दुकानाचंही असंच. भाडं वाचतं हे खरं, पण जागेत शेकडो कोटी अडकतात. त्या पैशांवर मिळू शकलं असतं ते व्याज कुठल्याच खर्चाच्या ओळीत येत नाही. तरीही या निवडीचं मोल काय, ते भाड्याच्या जागांवर उभ्या असलेल्या फ्यूचर रिटेलनं दाखवलं. बिग बझारची ही कंपनी भाडं थकवत गेली, अनेक जागांचे करार रिलायन्सकडे गेले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानांचा ताबाच गेला. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. भाडं हा खर्च कागदावर एक ओळ असतो. वेळ फिरली की तीच ओळ दाराला कुलूप लावते.

दुसरा स्थलांतरित खर्च, ऑनलाइन. घरपोच किराणा ‘डीमार्ट रेडी’ या नावानं चालतो आणि तो अव्हेन्यू ई-कॉमर्स या उपकंपनीत आहे. त्यामुळे मूळ कंपनीचे आकडे वाचणाऱ्याला त्याचा तोटा दिसत नाही. एकत्रित आकडे शेजारी ठेवले की दिसतो. २०१८-१९ मध्ये मूळ कंपनीचा नफा ९३६ कोटी आणि एकत्रित ९०२ कोटी; फरक ३४ कोटी. २०२१-२२ मध्ये १,६१६ आणि १,४९२. फरक १२४ कोटी. २०२४-२५ मध्ये २,९२७ आणि २,७०७; फरक २२० कोटी. हा फरक बहुतांशी ऑनलाइन धंद्याचा आहे. खोटं काही नाही, दोन्ही आकडे त्याच अहवालात छापलेले आहेत. पण कंपनीच्या निवेदनात मूळ कंपनीचे आकडे आधी येतात आणि बातमीदार घाईत असतो.

तिसरा खर्च माणसांचा. आणि तो सर्वांत महत्त्वाचा.

माणसं कुठल्या ओळीत राहतात?

कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये नफा-तोटा पत्रकाचा साचा ठरलेला आहे. त्यात ‘कर्मचारी लाभ खर्च’ अशी स्वतंत्र ओळ असते. डीमार्टमध्ये ती विक्रीच्या दीड-दोन टक्के एवढीच आहे. एवढी दुकानं, एवढी गर्दी, एवढे काउंटर आणि माणसांवर शंभरातले दोन रुपये! कौतुकानं बोटं तोंडात जावीत असा आकडा.

पण दुकानात दिसणारी बहुतेक माणसं या ओळीत नाहीत. ती कंत्राटी आहेत. कायम कर्मचाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी पटींनी जास्त आहे, आणि त्यांच्यावरचा खर्च ‘इतर खर्च’ या ओळीत, कंत्राटी मजुरी म्हणून, वीज आणि दुरुस्ती यांच्या पंगतीत बसतो. नियमाप्रमाणे हे बरोबरच आहे. कंत्राटी कामगार कंपनीचा ‘कर्मचारी’ नाही, म्हणून त्याचा पगार हा कंपनीच्या लेखी सेवेचं बिल. भाषेनं मात्र आपलं काम केलेलं असतं: साबणाची पेटी फोडून रॅकवर लावणारी मुलगी ‘इतर’ झालेली असते.

ही नैतिक तक्रार वाटेल, तशी ती आहेही. पण निव्वळ गुंतवणूकदाराच्या नजरेनंही हे वाचणं भाग आहे. जो कर्मचारी खर्चाची एकच ओळ पाहून ‘मजुरीवाढीचा या कंपनीला फटका बसणार नाही, खर्चच दोन टक्के’ असं म्हणतो, तो चुकतो. फटका बसतो, फक्त दुसऱ्या ओळीत. २०२४-२५ च्या शेवटच्या तिमाहीचे निकाल जाहीर करताना व्यवस्थापनानं नेमकं हेच कारण दिलं: सुरुवातीच्या पातळीवरची मजुरी वाढते आहे, कारण हवी तशी कुशल माणसं पुरेशी मिळत नाहीत. सेवा सुधारण्यासाठी आणि पुढची क्षमता उभी करण्यासाठी खर्च वाढवल्याचंही सांगितलं.

या कबुलीकडे दोन प्रकारे पाहता येतं. विश्लेषक म्हणेल, ‘मार्जिनवर दबाव.’ पण तोच दबाव डोंबिवलीहून किंवा कळव्याहून कामावर येणाऱ्या एखाद्या घरात पगारवाढ म्हणून पोचत असेल. दोन्ही वाचनं एकाच आकड्याची आहेत. मला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: घरपोच माल देणाऱ्या कंपन्या याच वयाच्या, याच वस्तीतल्या मुलांना कामावर बोलावत असतील, तर कमी पगारावर उभी असलेली काटकसर किती वर्षं टिकेल? डीमार्टच्या सात रुपयांतला किती भाग शहाणपणाचा आहे आणि किती भाग स्वस्त माणसांचा, हे अहवाल सांगत नाही. मार्जिनच्या घटीत मात्र त्याचं थोडं उत्तर हळूहळू बाहेर पडतं आहे.

न्यायाचं बोलायचं तर सगळा दोष खर्चावर टाकता येत नाही. ढोबळ नफाही ताणलेला आहे. कोविडच्या आधी विक्रीतला २७-२८ टक्के वाटा कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू अशा मालाचा होता. त्यात नफा जास्त. हा वाटा आता २२-२३ टक्क्यांवर आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कंपनीनं मान्य केलं की महानगरांतल्या जास्त विक्रीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे. माजिवड्याच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं तर हे विधान पडताळून पाहता येतं. वरून पंधरा आक्रसतात आणि खालून सात फुगतात. आठ कशाचे राहणार?

झाकली मूठ ५७८ कोटींची

आता या मजकुराच्या व्याकरणाबद्दल. माझी मुख्य टीका डीमार्टवर कमी आणि या व्याकरणावर जास्त आहे, कारण ते सगळ्याच कंपन्यांना लागू आहे.

परिशिष्ट ३ सांगतं की जो खर्च विक्रीच्या एक टक्क्यापेक्षा किंवा दहा लाख रुपयांपेक्षा, यातल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त असेल, तो वेगळा दाखवावा. लहान कंपनीला हा नियम ठीक आहे. पण ५७,७९० कोटींच्या विक्रीचा एक टक्का म्हणजे ५७८ कोटी. म्हणजे या एका कलमापुरतं बोलायचं तर ५०० कोटींचा खर्चही ‘किरकोळ’ या शब्दाखाली झाकता येईल. २०१६-१७ मध्ये हीच मर्यादा सुमारे ११९ कोटी होती. कंपनी जितकी मोठी, झाकायची जागा तितकी मोठी. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. इथे ती पावणेसहाशे कोटींची आहे. बऱ्याच कंपन्या, डीमार्टही त्यांत आली, नियमापेक्षा जास्त तपशील देतात. पण तो त्यांचा चांगुलपणा झाला. वाचकाचा हक्क नव्हे.

दुसरं कलम सेबीचं. महत्त्वाच्या गुणोत्तरांत, त्यात ऑपरेटिंग नफ्याचं प्रमाणही आलं, आधीच्या वर्षाच्या तुलनेत २५ टक्के किंवा जास्त बदल झाला तर कंपनीनं त्याचं स्पष्टीकरण द्यायचं असतं. वरच्या नऊ ओळी पुन्हा पाहा. कोविडच्या वर्षीसुद्धा ८.६ वरून ७.३ ही घट पंधरा टक्क्यांचीच होती. ८.९ वरून ७.९ पर्यंतचा प्रवास सात वर्षांचा आहे. कुठल्याही एका वर्षी तो या नियमाच्या जाळ्यात येत नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे बचतीबद्दल खरं आहे तसं गळतीबद्दलही खरं आहे. शंभरातला एक रुपया म्हणजे आजच्या विक्रीवर वर्षाला ५७८ कोटी. एवढी रक्कम हळूहळू, कुणालाही स्पष्टीकरण न देता, आणि कुठलाही नियम न मोडता कमी होऊ शकते.

नियम वर्षाकडे पाहतो. गोष्ट मात्र दशकात घडते. अहवालाच्या रचनेतली ही खरी उणीव आहे. पत्रकात यंदाचा रकाना आणि गेल्या वर्षीचा रकाना असे दोनच असतात. दोन फोटोंवरून माणूस म्हातारा झाला की नाही हे कळत नाही. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या वाढदिवसाचे फोटो शेजारी ठेवून पाहा.

मग वाचायचं कसं?

उपाय सोपा आहे, जरा कंटाळवाणा आहे. कुठलीही कंपनी घ्या. तिच्या संकेतस्थळावरून आठ-दहा वर्षांचे अहवाल उतरवा. पहिली चकचकीत पानं सोडा, अध्यक्षांचं पत्र शेवटी वाचायला ठेवा. सरळ टिपांमध्ये जा आणि ‘इतर खर्च’ शोधा. एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक ओळ वर्षावार मांडा आणि प्रत्येक आकड्याला त्या वर्षीच्या विक्रीनं भागा. मग तीन प्रश्न विचारा. कुठली ओळ विक्रीपेक्षा जोरात धावते आहे? कुठली ओळ अचानक गायब झाली किंवा नव्यानं आली? आणि ‘किरकोळ’ किती वाढलं?

त्यानंतर व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल काढा. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना तो सक्तीचा केला आहे. कायम किती, कंत्राटी किती, स्त्रिया किती, सोडून जाणारे किती, किमान वेतनावर किती, हे तिथे कळतं. हिशेबाच्या टिपांमध्ये ज्यांना ‘इतर’ म्हटलं जातं त्यांची डोकी इथे मोजलेली असतात. एक पान रुपये सांगतं, दुसरं माणसं. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय काटकसर आणि कंजुषी यांतला फरक कळत नाही.

एक इशाराही द्यायला हवा. खर्च वाढला की कंपनी बिघडली, असा उलटा निष्कर्ष काढू नका. काही खर्च बियाण्यासारखे असतात. नवी दुकानं पहिली वर्ष-दोन वर्षं खर्चच दाखवतात. सेवा सुधारायला जास्त माणसं लागतात. उलट एखादी कंपनी प्रशिक्षण, दुरुस्ती, संशोधन छाटून दोन वर्षं सुंदर नफा दाखवू शकते. तिसऱ्या वर्षी छप्पर गळतं. म्हणून ‘किती’ यापेक्षा ‘कशावर’ हा प्रश्न मोठा, आणि ‘कशावर’चं उत्तर त्या एका ओळीच्या पोटात असतं.

अध्यक्षांचं पत्र आता वाचा. तुमच्या शीटमधली सर्वांत जोरात धावणारी ओळ त्या पत्रात उल्लेखलेली आहे का ते पाहा. असेल, तर ही माणसं आपल्याशी बोलत आहेत. नसेल, तर ती फक्त छापत आहेत. या कसोटीवर डीमार्टला मी काठावर नव्हे, बऱ्यापैकी गुण देईन: मजुरी, स्पर्धा, ऑनलाइन या तिन्ही दुखण्यांची नावं त्यांनी स्वतः घेतली, तीही शेअर पडेल हे माहीत असताना. पण नाव घेणं वेगळं आणि आकडा देणं वेगळं. मजुरीवाढीनं शंभरातले किती पैसे नेले हे सांगितलेलं नाही. दहा वर्षांचा ‘इतर खर्च’ एका पानावर छापायला कागद किती लागतो?

ही मागणी करता येते. एक शेअर असला तरी माणूस भागधारक असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा आता बहुतेक कंपन्या ऑनलाइन घेतात. आधी वक्ता म्हणून नाव नोंदवलं की दोन-तीन मिनिटं बोलता येतं. या सभांचं कामकाज ऐकलं तर बरेच जण तो वेळ व्यवस्थापनाचे आभार मानण्यात आणि बोनस शेअर मागण्यात घालवतात. त्याऐवजी एकानं एवढंच विचारावं: टिपांमधली कंत्राटी मजुरीची ओळ दहा वर्षांपूर्वी विक्रीच्या किती टक्के होती, आज किती आहे, आणि दहा वर्षांनी ती किती असावी असं तुम्हाला वाटतं?

पहिल्या दोन उत्तरांसाठी वही पुरते. तिसऱ्यासाठी कंपनीलाच तोंड उघडावं लागेल.